कलमावरील चिठ्ठी

आपल्या खेड्यांत कोणी तरुण किंवा संसारी मनुष्य, "मी उद्यानविद्या शिकावयास जात आहे," असे म्हणू लागला म्हणजे ऐकणाऱ्यांत बहुधा दोन प्रकारचे लोक निघतात. एक म्हणतात, "झाड लावावयास शाळा कशाला पाहिजे? आपल्या वाडवडिलांनी कोणत्या शाळेत जाऊन आंबा लावला?" दुसरे म्हणतात, "ज्याला दुसरे काही जमत नाही त्याने माती उकरावी. शिकावयाचेच तर काही तरी चांगले शिकावे." ह्या दोन्ही बोलण्यांस उत्तर देणे फारसे कठीण नाही, व ते आम्ही पुढे देणारच आहोत. परंतु त्यांच्या पलीकडे एक तिसरा प्रश्न आहे, व तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. तो असा: झाडांची विद्या शिकलेला मनुष्य जे जाणतो ते त्याच्याकडून रोप विकत घेणाऱ्यास दिसत नाही, आणि पुष्कळ वर्षे दिसणारही नाही. तर मग त्या जाणण्यामुळे तो न जाणणाऱ्याचे काय देणे लागतो? ह्या प्रश्नाचा विचार वाचकांनी आमच्याबरोबर शांतपणे करावा अशी आमची विनंती आहे.

प्रथम ही विद्या कोठे व कशी शिकविली जाते ते पाहू. अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' ह्या नावाची संस्था आहे. तिला आपण लोकमहाविद्यालय म्हणू. सार्वजनिक खर्चाने चालणारे अशा प्रकारचे पहिले महाविद्यालय इलिनॉय प्रांतातील जोलिएट ह्या गावी १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी निघाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन ह्या दोघांनी ते काढले. ज्यांना घर व गाव सोडून दूरच्या विद्यापीठात जाणे शक्य नाही, त्यांस पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण आपल्याच ठिकाणी मिळावे, हा त्यातील हेतू होता. हार्पर हे स्वतः इब्री भाषेचे मोठे पंडित होते. पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या मंडळाने १९४७ साली अशी महाविद्यालये देशभर निघावी अशी शिफारस केली, व त्यानंतर त्यांची संख्या फार वाढली.

ह्या संस्थांचे दार रुंद असते. फी मोठ्या विद्यापीठांच्या मानाने कमी, अभ्यास साधारण दोन वर्षांचा, काही वर्ग संध्याकाळी. आणि वयाची अट नाही. अठरा वर्षांच्या मुलाशेजारी चार मुलांची आई बसते, व तिच्याशेजारी कारखान्यातील काम सुटलेला पन्नाशीचा गृहस्थ बसतो. तेथे कोणी परिचारिकेचे काम शिकतो, कोणी मोटार दुरुस्ती, कोणी हिशेब, आणि कोणी उद्यानविद्या. आपल्याकडे नाव निराळे असले तरी तीच वाट आहे. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने फळबाग, भाजीपाला व फुलशेती यांचे अभ्यासक्रम अशाच लोकांसाठी काढले. म्हणजे ज्यांची शाळा लवकर सुटली, ज्यांच्या मागे संसार आहे, आणि ज्यांना हाताचे काम सोडून पुस्तक धरता येत नाही अशांसाठी.

अशा ठिकाणी जो जातो त्याच्या हाती पहिल्या दिवशी कोणी गुलाब देत नाही. आरंभ मातीपासून होतो. चिकण, पोयटा व वाळू यांचे प्रमाण बोटांनी कसे ओळखावे, कोणत्या जमिनीत पाणी किती वेळ राहते, हे आधी शिकावे लागते. मग बी कसे रुजते, छाटणी कोठे करावी व कोठे करू नये, कीड कोणती व रोग कोणता, काचगृहातील ऊब व ओल कशी राखावी, असे एकेक प्रकरण येते. पण विद्यार्थी सर्वांत अधिक कशास भितात, तर झाडे ओळखण्याच्या परीक्षेस. शिक्षक झाडाजवळ उभे करतात किंवा एक फांदी टेबलावर ठेवतात, आणि विद्यार्थ्याने त्या झाडाचे नाव लिहावयाचे. लोकांतले नाव लिहून भागत नाही. शास्त्रातले दोन शब्दांचे लॅटिन नावही लिहावे लागते, आणि त्यात एक अक्षर चुकले तरी गुण कापले जातात. नवशिक्यास हा जाच वाटतो. "झाड तर मला समजले, मग अक्षरासाठी एवढा आग्रह का?" असे तो मनात म्हणतो.

हा आग्रह का, हे समजण्यास एक साधे उदाहरण पुरे होईल. आपण सहज 'चाफा' म्हणतो. परंतु सोनचाफा, हिरवा चाफा, नागचाफा, आणि ज्यास खुरचाफा म्हणतात तो पांढरा चाफा, हे चारही परस्परांपासून अगदी भिन्न कुळांतले आहेत. सोनचाफ्याचा मोठा वृक्ष होतो. हिरवा चाफा वेलीसारखा आधार धरून चढतो. पांढऱ्या चाफ्याची फांदी मोडली तर चीक गळतो. ज्याने अंगणात सावलीसाठी चाफा मागितला त्याच्या हाती वेल पडली, तर दोष कोणाचा? मागणारा खरे बोलला, देणाराही खोटे बोलला नाही. पण नाव अपुरे होते. हाच गोंधळ टळावा म्हणून लिनियस नावाच्या स्वीडनच्या पंडिताने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे नाव देण्याची रीत सर्वत्र लागू केली, आणि ती रीत आजही चालते. ह्या रीतीने आंबा हा रत्नागिरीत असो की ब्राझील देशात असो, 'मँजिफेरा इंडिका' ह्या एकाच नावाने ओळखला जातो.

नावाची ही काळजी आपल्या भाषेच्या इतिहासातही एका ठिकाणी सुंदर रीतीने दिसून येते. श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठीचा कोश छापून काढला, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच केरींनी श्रीरामपुरास स्वतःची बाग राखली होती. डॉक्टर रॉक्सबर्ग यांनी केलेली कलकत्त्याच्या सरकारी बागेतील झाडांची नामावली त्यांनी १८१४ साली छापली, आणि १८२० साली कलकत्त्यास शेती व उद्यानविद्या यांची सभा स्थापन केली. शब्दांचा कोश आणि झाडांची नामावली ही दोन कामे वरवर पाहता निराळी दिसतात. परंतु दोन्हींचे मर्म एकच आहे. जी वस्तू जी आहे तिला तेच नाव द्यावे, आणि ते असे द्यावे की, परक्या मनुष्यालाही त्यावर भरवसा ठेवता यावा.

आता वर सांगितलेल्या दोन आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, वाडवडिलांस जे येत होते त्यासाठी शाळा नको. ह्यात सत्याचा अंश मोठा आहे, आणि जो शिकलेला तरुण घरी येऊन आपल्या बापाच्या अनुभवास हसतो तो शिकलाच नाही असे आम्ही म्हणू. पण अनुभवाची एक मर्यादा असते. बाप आपली बाग जाणतो, आणि काय घडते हे जाणतो. ते कशामुळे घडते हे त्यास नेहमी समजत नाही. नागपूरकडील संत्र्याचेच पाहा. झाडाच्या बुंध्यातून डिंक वाहू लागतो, साल कुजते, आणि काही वर्षांत झाड वाळते. ह्यास तिकडे डिंक्या म्हणतात. जुन्या माणसांनी डिंक पाहिला होता, झाड मरताना पाहिले होते, आणि "झाडाचे दिवस भरले" असे म्हणून ते गप्प बसत. शिकलेला मनुष्य जाणतो की, ओल्या मातीत राहणारा एक अत्यंत सूक्ष्म जीव बुंध्यास लागून हे करतो. म्हणून जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरावयाचा तो जमिनीपासून चांगला वीतभर उंच भरावा; कलम लावताना तो सांधा मातीत गाडू नये; आणि पाणी बुंध्याशी साचू नये म्हणून झाडाभोवती दुहेरी आळे करावे. एवढ्याने रोग नाहीसा होतो असे नाही, परंतु पुष्कळ झाडे वाचतात. बापाचे डोळे व शाळेने सांगितलेले कारण ही एका घरात नांदली म्हणजे बागेचे कल्याण होते.

दुसरा आक्षेप, हे हलके काम आहे, असा. ह्यावर आम्ही फार शब्द खर्च करीत नाही. ज्योतिराव फुले यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायावरून त्यास फुले हे नाव पडले. त्या घरचा मुलगा पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला, आणि त्याने १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या मुलास विद्या मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला. ज्यांच्या हाती कुदळ आहे त्यांच्या हाती पुस्तक येऊ नये, ही व्यवस्था कोणी व कशासाठी केली, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगण्याची गरज नाही. माती हलकी नाही. मातीत राबणाऱ्यास अडाणी ठेवणे हे हलके काम होय. शिवाय ज्याच्या नावावर एकरभरही जमीन नाही, त्यास पाच गुंठे मिळाले तरी कलमांची रोपवाटिका चालविता येते. ही विद्या भूमिहीनाच्या फार जवळची आहे.

येथपर्यंत बहुतेक वाचक आमच्याशी सहमत होतील. आता मूळ प्रश्न येतो, व त्यासाठी कलम म्हणजे काय हे थोडे सांगितले पाहिजे. हापूस आंब्याची कोय रुजविली तर तिच्यापासून हापूस येईलच असे नाही; कोयीत दुसऱ्या झाडाच्या परागाचा वाटा असतो, आणि जे झाड वाढते ते आपल्या आईपासून निराळे निघते. म्हणून खात्रीचा हापूस हवा असेल तर हापुसाच्या झाडाची काडीच दुसऱ्या रोपावर बांधावी लागते. पावसाळ्याच्या आरंभी कोयी रुजत घालतात. पंधरावीस दिवसांचे, तांबूस कोवळ्या पानांचे रोप झाले म्हणजे त्याचा शेंडा कापून देठात उभी चीर देतात. चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवितात, आणि पट्टीने घट्ट बांधतात. ह्यास कोयकलम म्हणतात, आणि कोकणात ह्या रीतीचा फार प्रसार झाला आहे. हात बसलेला मनुष्य दिवसात शेकडो कलमे बांधतो. काडी जगली म्हणजे तिला पालवी फुटते, आणि पुढील पावसाळ्यात कलम विक्रीस निघते.

आता लक्ष द्यावे. त्या पालवीवर 'हापूस' असे लिहिलेले नसते. रायवळाची काडी बांधली असती तरी सामान्य डोळ्यास ते कलम तसेच दिसले असते. हापूस कोणता हे सांगणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे कलमास बांधलेली चिठ्ठी. विकत घेणारा ती चिठ्ठी वाचतो, पैसे मोजतो, खड्डा खणतो, कुंपण करतो, उन्हाळ्यात डोक्यावर घागर वाहून पाणी घालतो. आणि साधारण पाच वर्षांनी पहिले फळ हाती येते, तेव्हा चिठ्ठी खरी होती की खोटी हे त्यास कळते. दुसऱ्या धंद्यांत असे होत नाही. वाण्याने माप मारले तर घरी जाऊन तोलता येते. शिंप्याने अंगरखा बिघडविला तर घालताक्षणी दिसते. कलमांच्या धंद्यात चूक पाच वर्षे मातीत झाकलेली राहते. तोवर पावती हरवते, चिठ्ठी कुजते, विकणारा कदाचित दुसऱ्या गावी गेलेला असतो. आणि सर्वांत वाईट हे की, फसलेला मनुष्य विकणाऱ्यास दोष न देता आपल्या जमिनीस, आपल्या पाण्यास, किंवा आपल्या नशिबास दोष देतो. पैसे परत करता येतील. पाच वर्षे कोण परत करणार?

ह्या खोटेपणाच्या तीन पायऱ्या आम्हांस दिसतात. पहिली उघड लबाडीची: रायवळ बांधून हापूस म्हणून विकणे. ती पापच आहे हे लबाडासही ठाऊक असते, म्हणून तिच्याविषयी वाद नाही. दुसरी निष्काळजीपणाची: दोन जातींच्या काड्या एका ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, जुड्या मिसळल्या, आणि "बहुतेक ह्या हापुसाच्याच" असे म्हणून बांधून टाकल्या. तिसरी मौनाची, आणि ती सर्वांत सूक्ष्म आहे. डाळिंबाचे उदाहरण घ्या. 'तेल्या' नावाच्या रोगाने महाराष्ट्रातील पुष्कळ बागा उद्ध्वस्त केल्या. पानावर व फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकते, आणि सारे पीक फुकट जाते. हा रोग एका जंतूपासून होतो, आणि तो रोगट बागेतील रोपांबरोबर नव्या बागेत जातो. आता ज्याने ज्या बागेत तेल्या पाहिला त्याच बागेतील झाडांवर गुटी बांधली, आणि ती कलमे चांगली हिरवी दिसतात म्हणून काही न बोलता विकली, त्याच्या चिठ्ठीवर जातीचे नाव अगदी खरे असेल. तरीही त्याने खोटे विकले असे आम्ही म्हणतो. कारण जी गोष्ट विचारण्याइतके ज्ञान घेणाऱ्यापाशी नाही, ती न विचारता सांगणे हे जाणत्याचे देणे आहे.

येथे कोणी म्हणेल, "मग शिकण्यात तोटाच आहे. अडाणी मनुष्याने रोगट रोप दिले तर तो निर्दोष, आणि तेच रोप शिकलेल्याने दिले तर तो अपराधी! त्यापेक्षा न शिकलेले बरे." आक्षेप वाटतो तितका पोकळ नाही. ज्ञानाबरोबर जबाबदारी वाढते हे आम्हांस कबूल आहे. नव्हे, तेच आमचे म्हणणे आहे. परंतु अपराध लागू नये म्हणून डोळे मिटून घेणे हा निर्दोषपणा नव्हे. ज्याला पाहता येत नाही त्याची गोष्ट निराळी, आणि जो पाहावयाचे नाकारतो त्याची निराळी. शिवाय अडाण्याने दिलेल्या रोगट रोपाने शेजाऱ्याची बाग वाचत नाही. ती तितकीच मरते. देणारा दोषी ठरला नाही म्हणून घेणाऱ्याचे दुःख कमी होत नाही. आपल्या अंगावर दोष येऊ नये एवढीच ज्याला चिंता आहे, तो शेजाऱ्याचा विचार करीत नाही, स्वतःचाच करतो.

आता एक कठीण प्रसंग कल्पून पाहू, कारण सोप्या प्रसंगांवरून कोणताही नियम खरा वाटतो. समजा, एका गरीब घरच्या मुलीने हा अभ्यास पुरा केला, बचत गटाकडून कर्ज काढले, आणि पाच गुंठ्यांवर एक हजार कोयकलमे बांधली. पुढील वर्षी विक्रीचे दिवस आले असता वळवाचा पाऊस होऊन मांडव कोसळला, आणि दोनशे कलमांच्या चिठ्ठ्या वाहून गेल्या. त्या दोनशेंत बहुतेक हापूस आहेत, थोडी पायरी आहेत, आणि काही हात बसावा म्हणून आरंभी बांधलेली रायवळाचीही आहेत. पानावरून काही ओळखता येतात, सर्व नाहीत. मृग लागला आहे, गिऱ्हाईक दारात उभे आहे, आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे. तिने काय करावे? तिच्या मनात असा विचार येईल: "दहांतील नऊ हापूसच आहेत. सर्वांस हापूस म्हटले तर मी दहांत नऊ वेळा खरेच बोलते. आणि मी काही मुद्दाम चिठ्ठ्या फेकल्या नाहीत, पावसाने नेल्या."

हा विचार दुष्ट मनाचा नाही. अडचणीत सापडलेल्या चांगल्या मनाचा आहे, म्हणून त्यास रागाने नव्हे तर विचाराने उत्तर दिले पाहिजे. पहिले उत्तर असे की, दहांत नऊ हा हिशेब विकणारीच्या वहीतला आहे, घेणाऱ्याच्या अंगणातला नाही. ज्या विधवेने दाराशी लावावयास दोनच कलमे नेली आणि दोन्ही रायवळ निघाली, तिला "एकंदरीत नऊ बरोबर होती" हे सांगून काय उपयोग? दुसरे उत्तर असे की, शंका असणे हे पाप नव्हे. शंका लपविणे हे पाप आहे. जे आहे ते सांगून ती कलमे विकता येतात: "ह्यांच्या चिठ्ठ्या गेल्या आहेत, पुष्कळशी हापूस असावीत, पण खात्री देत नाही, म्हणून किंमत रायवळाची." अशी कलमेही घेणारे लोक असतात, कारण कित्येकांस सावली व लोणच्याची कैरी पुरेशी असते. तिसरे उत्तर सर्वांत कठीण आहे. ह्यात तिचा तोटा होईल, आणि तो खरा तोटा असेल. सचोटीने नेहमी लगेच लाभ होतो असे सांगणारे लोक तिची थट्टा करतात. तरीही तो तोटा तिनेच उचलला पाहिजे. का, तर तोटा कोठे तरी पडणारच आहे. आणि जो जाणतो त्याला तो पत्करावा की नाही हे निवडता येते, पण जो जाणत नाही त्याच्या माथी तो न विचारता लादला जातो. ज्ञानाचे देणे म्हणजे हेच.

कोणी म्हणेल, ह्यासाठी सरकारचा कायदा आहे. आहे, आणि तो हवाच. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ साली कायदा झाला, आणि परवाना घेतल्यावाचून फळझाडांची कलमे विकता येत नाहीत. पुढे १९९० साली रोजगार हमी योजनेतून फळबागा लावण्याचे काम सुरू झाले आणि कलमांची मागणी अतोनात वाढली, तेव्हा अशा देखरेखीची गरज किती आहे हे सर्वांस दिसून आले. फळाच्या नावाच्या रक्षणासाठीही कोकणच्या हापुसास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण अधिकारी वही तपासू शकतो, परवाना पाहू शकतो. श्रावणातल्या एका संध्याकाळी, अंधार पडत असता, कोणत्या जुडीतली काडी कोणत्या रोपात गेली हे तो पाहू शकत नाही. ते पाहणारा एकच साक्षी असतो, आणि तो म्हणजे ज्याच्या हातात चाकू आहे तो.

म्हणून ज्या शाळेत उद्यानविद्या शिकविली जाते, तेथे हाताबरोबर हा साक्षीही तयार झाला पाहिजे, आणि तो उपदेशाने नव्हे तर सवयीने तयार होतो. चांगल्या सवयी फार साध्या आहेत. एका वेळी एकाच जातीच्या काड्या कामाच्या जागी आणाव्या. दुसरी जात आणण्यापूर्वी पहिलीचे शेवटचे कलम बांधून व्हावे. चाकू हाती घेण्यापूर्वी चिठ्ठी लिहावी, नंतर नव्हे. चिठ्ठीवर जातीबरोबर काडी कोणत्या मातृवृक्षाची, तारीख कोणती, आणि बांधणारा कोण हेही लिहावे. कारण ज्याचे नाव चिठ्ठीवर आहे त्याचा हात आपोआप सावध होतो. पावसाने चिठ्ठी गेली तरी शोध लागावा म्हणून वाफ्यांचा नकाशा वहीत काढावा. आणि शेवटची सवय सर्वांत मोलाची: ठाऊक नसेल तेव्हा "ठाऊक नाही" असे लिहावे. परीक्षेत अंदाजाने लिहिलेल्या उत्तरास कधी कधी गुण मिळतात, म्हणून विद्यार्थी अंदाजास सोकावतो. बागेत अंदाजाची शिक्षा होते, आणि ती अंदाज करणाऱ्यास होत नाही, दुसऱ्यास होते. झाडे ओळखण्याच्या परीक्षेत एका अक्षरासाठी जे गुण कापले जातात, त्यांचा अर्थ आता वाचकांच्या ध्यानी आलाच असेल.

घेणाऱ्यासही आम्हांस काही सांगावयाचे आहे, कारण सगळे ओझे एकाच पारड्यात टाकणे न्यायाचे नाही. जो मनुष्य बाजारात जाऊन सर्वांत स्वस्त कलम हुडकतो, आणि चिठ्ठीचा खर्च व जपणूक यांचे चार पैसे जास्त देण्यास कुरकुरतो, तो विकणाऱ्यास लबाडीकडे ढकलतो. सचोटीच्या कलमास थोडे अधिक मोल पडते, आणि ते द्यावे. कलम घेण्यापूर्वी, "मातृवृक्ष कोठे आहे, पाहू," असे विचारावे. चांगला विकणारा ते आनंदाने दाखवितो. पावती मागावी व जपून ठेवावी. कोणते झाड कोठे लावले हे कागदावर काढून तो कागद घरात ठेवावा, कारण झाडावरची चिठ्ठी दोन पावसाळ्यांत नाहीशी होते. संत्र्याच्या कलमाचा सांधा किती उंचीवर आहे हे आपल्याच वितीने मोजावे. आणि वरील मुलीसारखे कोणी आपण होऊन, "ह्यांची खात्री नाही," असे सांगितले, तर त्याच्याकडून कमी घेण्याऐवजी पुढील वर्षी त्याच्याकडेच जावे. ज्याने आपला तोटा करून एकदा खरे सांगितले त्याच्या चिठ्ठीपेक्षा चांगली चिठ्ठी कोठे मिळणार?

गावोगावचे जे शिक्षक व उपदेशक हे पत्र वाचतात व इतरांस वाचून दाखवितात, त्यांच्याकडे लोक सल्ल्यास येतात: मुलास कोठे पाठवू, मुलीने काय शिकावे, आता माझे वय झाले, मला कोणी घेईल काय? त्यांस आमचे सांगणे असे आहे की, ह्या विद्येची वाट दाखविताना संकोच करू नये. ती लहान नाही, व उशिरा येणाऱ्यास ती दार लावीत नाही. मात्र जाणाऱ्यास एवढे अवश्य सांगावे की, "तू दोन वर्षांनी परत येशील तेव्हा तुला असे काही दिसू लागेल की जे आम्हांस दिसत नाही. आम्ही तुझ्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून खड्डे खणू, पाणी वाहू, आणि पाच वर्षे वाट पाहू. तेवढे ध्यानात ठेवून चाकू हाती धर."